पहिल्या फेरीचा मिस्त्री

हंगामाच्या पहिल्या दिवशी जिन सुरू झाली की मी पूर्ण पाळी मशीनजवळून हलत नसे. जेवणाचा डबाही तिथेच उघडायचा. एक तळहात बेअरिंगच्या टोपणावर आणि कान पट्ट्याच्या आवाजाकडे. मशीनमध्ये कापूस टाकणाऱ्या बाया हसायच्या. त्यांच्यातली एक फार फटकळ होती. ती म्हणायची, "काहून हो मिस्त्री, मशीनले ताप आला काय? सकाळपासून हात लावून राह्यले!" मी म्हणायचो, "आला नाही अजून. आला तर पयले तुलेच सांगीन."

तिला ते थट्टेत सांगितलेलं वाटे. मी मात्र खरं बोलत असे. दिवाळी अंकासाठी जिनिंगमधल्या आठवणी लिहून द्या, असं सांगणं आलं तेव्हा मला सगळ्यात आधी ही खोड आठवली. आता गंमत अशी की ही खोड मला जिनिंगमध्ये लागलीच नाही. ती लागली समुद्रावर, जनू तांडेल नावाच्या एका म्हाताऱ्यामुळे.

दिग्रसचा माणूस समुद्रावर कशाला मरायला गेला, हे आधी सांगतो. आमचं घराणं मिस्त्र्यांचं. वडील तेलघाणीच्या इंजिनावर, मी जिनिंगमध्ये. घरी हिंदी-उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि शाळा नगर परिषदेची मराठी, त्यामुळे हे लिहिणं थोडंफार जमतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. एका शेडमध्ये अशी वीस-चोवीस यंत्रं ओळीनं उभी असतात आणि जमिनीखालून जाणारा एकच लांब लोखंडी दांडा, लाइनशाफ्ट, पट्ट्यांनी सगळ्यांना फिरवतो. तो दांडा सुताच्या दोरीसारखा सरळ ठेवणं हे माझं काम. तो केसभर वाकडा बसला की आधी बेअरिंग तापतं, मग पट्टे फाटतात, मग मालकाचं डोकं तापतं.

दसऱ्यानंतर सुरू झालेली जिन पूर्वी होळीपर्यंत धडधडायची. कापसाची पडती वर्षं आली आणि सगळं बिघडलं. कुठं अळीनं बोंडं खाल्ली, कुठं पावसानं दगा दिला, भावाचं तर नावच नको. कापूसच येईना, तर जिनमध्ये टाकणार काय? संक्रांतीचे तिळगूळ खाऊन झाले की मालक कुलूप लावायचा. पुढचे आठ-नऊ महिने मिस्त्रीनं काय करावं, हे कोणत्याच सरकारी कागदात लिहिलेलं नव्हतं.

माझा मेहुणा ट्रकवर होता. त्यानं बातमी आणली की कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते, सगळ्या बोटी वाळूवर ओढून ठेवतात आणि तेव्हाच त्यांची इंजिनं खोलतात. तिकडे मिस्त्री पुरत नाहीत. मी हिशोब केला : त्यांचा रिकामा काळ तोच माझाही रिकामा काळ. जून लागताच पेटी उचलली. बायकोनं डब्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि म्हणाली, "दर्या के काम को जा रहे, जाओ. मगर दर्या में मत जाओ. तुमको तैरना नई आता." मी तिला तसं वचन दिलं. आम्ही पाणी पाहिलेलं ते अरुणावती धरणाचं, तेही काठावरून.

चार एसट्या बदलून मी मालवणच्या बाजूच्या एका लहान बंदरात पोचलो, तेव्हा पाऊस कोसळत होता. ज्या बोटीचं काम होतं ती वाळूवर तीन ओंडक्यांवर टेकवलेली. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली, जाळ्याच्या ढिगावर एक म्हातारा गाढ झोपलेला. मी पेटी आपटली. त्यानं एक डोळा उघडला.

"खंयसून इलंस?"

"यवतमाळ जिल्हा. दिग्रस."

"थंय दर्या हा?"

"नाही."

"मगे बोटी?"

"त्याही नाहीत."

"मगे तू हंय काय करतलंस?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्यानं डोळा पुन्हा मिटला.

हा जनू तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं हे तो ठरवतो. बोट मालकाची, पण समुद्रावर हुकूम तांडेलाचा. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगावर एक हाफपँट आणि खांद्यावर टॉवेल. इतका निवांत माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. काही विचारलं की एकच उत्तर, "होतलां रे," म्हणजे होईल रे. पिन मिळत नाही? होतलां रे. ताडपत्री गळते? होतलां रे. मालक येऊन ओरडून गेला? त्याला तर तेही न बोलता नुसता हसायचा. मला तो "कापूसवालो" म्हणायचा. दुपारी पेज आणि सुकी मासळी माझ्यापुढे सरकवायचा आणि मी नको म्हटलं की निम्मी स्वतः खाऊन उरलेली पुन्हा सरकवायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं मला तिथली एक रीत सांगितली. इंजिनाला ज्या मिस्त्रीनं हात लावला, त्यानं हंगामाच्या पहिल्या फेरीला बोटीतून जायचं. काम करायचं नाही, नुसतं इंजिनाजवळ बसायचं. मी म्हटलं, "काका, मले पोहता नाही येत. घरी वचन देऊन आलो."

तो खो-खो हसला. "आमका तरी खंय पोवाक येता सगळ्यांका? बरां, नाय तर नाय. बायलेचो सबूद मोडू नको."

इतक्या सहज त्यानं मला सोडलं. त्या वेळी वाटलं, चला, म्हातारा आळशी आहे पण भला आहे.

इंजिन मी मन लावून जुळवलं. बोटीत इंजिनाचा दांडा मागे जातो, बोटीच्या शेपटीतल्या भोकातून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा. इंजिन आणि दांडा जिथे जोडतात त्याला कपलिंग म्हणतात. त्या दोन चकत्या एकमेकींना अगदी सपाट भिडल्या पाहिजेत. म्हणजे माझं रोजचंच काम. तिथले मिस्त्री हे नजरेनं करतात. मी पेटीतून फिलर गेज काढलं, म्हणजे पोलादी पात्यांची जुडी, फट मोजायची. सगळ्यात पातळ पातंसुद्धा चारी बाजूंनी आत जाईना, इतकं नेमकं बसवलं. लोक बघायला आले. मीही जरा जास्तच बोललो. आमच्याकडे दांडा साठ फूट असतो, हे तर पोरखेळ आहे, असलं काहीतरी. आणि पुन्हा कोणी हलवू नये म्हणून इंजिनाच्या पायांतून आरपार भोकं पाडून पक्क्या खुंट्या ठोकल्या.

जनू तांडेल पडल्या पडल्या म्हणाला, "पाण्यात पडां दे आधी. मगे एकदा बघ."

मी मनात म्हटलं, झालं, याला सगळं पुढेच ढकलायचंय. खुंट्या ठोकणं चालूच ठेवलं. तो दुसऱ्यांदा बोलला नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात ढकलली. मालकानं नारळ वाढवला, बोटीला हार घातला. शेजारच्या बोटी आदल्याच दिवशी निघून गेल्या होत्या, त्यामुळे त्याचा जीव खालीवर होत होता. धक्क्याला बांधूनच इंजिन चालू केलं. बांधलेल्या बोटीत पाय ठेवला तर वचन मोडत नाही, असं मी ठरवलं आणि आत उतरलो. गिअर टाकला, कपलिंगशेजारच्या झाकणावर हात ठेवला.

झाकणातून हाताला कंप लागला.

मोठा नव्हता. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. पण मी वीस वर्षं हेच केलं होतं. लाइन गेली होती, म्हणजे दांडा सरळ राहिला नव्हता. कशी गेली ते समजेना, पण गेली होती एवढं नक्की. दुरुस्त करायचं तर खुंट्या उपटा, इंजिन सैल करा, दोन दिवस घाला. वर मालक, खलाशी, त्यांच्या घरची माणसं, फुटलेला नारळ. आणि साठ फुटांच्या दांड्याच्या गप्पा मारलेला मी.

मालकानं वरून विचारलं, "मिस्त्री, बराबर?"

मी म्हणालो, "बराबर."

हे एवढं लिहायला मला आज पानभर प्रस्तावना लागली. तेव्हा एक शब्द पुरला.

जनू तांडेल बोटीवर चढताना माझ्याकडे बघून म्हणाला, "येणस नाय मा? बरां." आणि टॉवेल हलवत गेला. बोटीत तो धरून चार माणसं होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोट यायला हवी होती. आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटी शोधायला गेल्या. मी धक्क्यावरच बसून होतो. तांडेलाची बायको, तिला सगळे काकी म्हणत, माझ्यासाठी चहा घेऊन आली. तिला वाटलं, परका माणूस किती जीव लावतो! माझ्या पाठीवर हात ठेवून मलाच धीर देत म्हणाली, "येतलो तो. तेका आजपर्यंत खंयची घाई होती?" मी तो चहा प्यालो. आयुष्यात इतकी लाज मला कशाची वाटलेली नाही, उपाशीपणाचीही नाही.

दुपारी दुसऱ्या बोटीनं ओढून त्यांना आणलं. चौघंही जिवंत होते. झालं होतं ते असं : किनारा दिसेनासा झाल्यावर कपलिंगचे बोल्ट एकेक करून तुटले आणि सुटलेला दांडा मागे सरकू लागला. तो पूर्ण बाहेर गेला असता तर बोटीच्या शेपटीत मुठीएवढं भोक उघडं पडलं असतं आणि पुढचं सांगायला कोणी उरलं नसतं. तांडेलानं बोटीत शिरलेल्या पाण्यात बसून दांडा दोन्ही हातांनी धरला, दोरानं आवळून बोटीच्या फासळीला बांधला. तेवढ्यात एक लाट आली आणि डाव्या हाताची दोन बोटं दांडा आणि लाकूड यांच्यात सापडली. बाकीचे तिघं दोन दिवस बादल्यांनी पाणी उपसत होते.

तालुक्याच्या दवाखान्यातून पट्टी बांधून त्याला घरी आणलं. अंगणात, त्याला तिकडे खळं म्हणतात, माणसं जमली. मालक म्हणत होता, बोल्ट नकली निघाले, दुकानदाराला धरतो. म्हणजे माझी सुटका आयती चालून आली होती. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

जनू तांडेल बघत होता. त्यानं विचारलं, "कापूसवाल्या, तुका आधी कळलां होतां?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण काकी त्याच्या हाताखाली उशी सरकवत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. हाताले लागलं होतं. मी बोललो नाही."

मालक धावून आला. त्यानं माझा, माझ्या जिल्ह्याचा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते मला बरंच वाटलं. वाईट वाटलं ते तांडेलाचं. मला वाटलं होतं, आता हा "होतलां रे" म्हणेल, हसेल. तो हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "चूक सगळ्यांची होता. माझीय झाली. मी एकदाच सांगितलंय, परत सांगूक नाय. तुका रीत माफ केलंय, तीय चूक. पण तू गप रवलंस." आणि उठून आत गेला. त्या माणसाला राग येतो हे त्याच्या बायकोलाही माहीत नसावं, कारण तीही माझ्याकडे भांबावून बघत राहिली.

पुढचे तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी पळून गेलो असतो, पण काम अर्धं टाकून जाणं वडिलांनी शिकवलं नव्हतं. खुंट्या उपटल्या, नवे बोल्ट आणले, बोट पाण्यात असतानाच फट मोजली. खालच्या बाजूनं जुडीतलं सगळ्यात जाड पातं सहज आत गेलं. तेव्हा उजेड पडला. वाळूवर बोट तीन ओंडक्यांवर टेकलेली असते, पाण्यात तिला सगळ्या अंगानं आधार मिळतो. लाकडाची बोट आहे, ती अंग सैल सोडते, आकार बदलते. वाळूवर काढलेली सरळ रेघ पाण्यात वाकडी होते. तिथल्या कोणत्याही खलाशाला हे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी सिमेंटच्या चौथऱ्यावर मोठा झालेला मिस्त्री. माझ्या मते यंत्राखालची जमीन हलत नसते.

खरं तर आमचीही हलते. हे मला दिग्रसला परत आल्यावर समजलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात घालता येईल अशा भेगा पडतात; जिनचा चौथरा तिच्यावरच उभा असतो. दरवर्षी मे महिन्यात लाइनशाफ्ट सरळ करायचा आणि दरवर्षी दिवाळीत बेअरिंग का तापतं म्हणून तेलाला शिव्या द्यायच्या, असं आम्ही जिनिंगच्या मिस्त्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं होतं. मी पावसाळा संपून माती निवल्यावर लाइन काढायला लागलो. मालक कुरकुरायचा, दारात गाड्या उभ्या आहेत म्हणायचा. मी ऐकत नसे, आणि एकदा सांगून थांबतही नसे. पुढे यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या जिनिंगवाल्यांनीही मला याच कामासाठी बोलावलं. तिथे लोक मला हुशार समजत. मी समजू दिलं.

कोकणात मी पुढे आणखी चार पावसाळे गेलो. तांडेलाची ती दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. जाळं विणताना सुई त्यांच्यात अडकायची आणि तो ती शांतपणे सोडवायचा. मला दर वेळी बघवत नसे. त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही, मीही माफी मागितली नाही. कशी मागतात ते मला कळलं नाही. आता तो नाही आणि मागायची राहून गेली.

त्या पहिल्या पावसाळ्यात मात्र, तीन दिवसांच्या अबोल्यानंतर, चौथ्या दिवशी सकाळी तांडेल धक्क्यावर आला. पट्टीचा हात गळ्यात अडकवलेला. मी कपलिंग घट्ट करत होतो. वरूनच म्हणाला, "तुझी पयली फेरी बाकी हा."

मी बायकोचं नाव काढलं नाही. पाना खाली ठेवला आणि त्याच्याबरोबर निघालो. घरी हे मी दिवाळीत सांगितलं. आठ दिवस अबोला झाला, तो वेगळा.

बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली आणि माझ्या पोटातलं सगळं समुद्रात गेलं. खलाशी हसले. त्यांचाही राग तोपर्यंत निवळला असावा, कारण एकानं मला चिंच चोखायला दिली. दुपारी जाळं टाकून झालं, सुकाणू एका खलाशाकडे गेलं. तांडेल खाली इंजिनाजवळ आला. झाकणाशेजारी फळीवर मला बसवलं, माझा तळहात उचलून झाकणावर ठेवला आणि म्हणाला, "काय वेगळां लागलां तर माका उठव."

मग माझ्या पायाशीच गोणपाट अंथरलं, दुखरा हात छातीवर घेतला, टॉवेल डोळ्यांवर ओढला आणि घोरायला लागला. ज्या दांड्यानं त्याची बोटं चिरडली, तो त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर फिरत होता.

मी बसलो. घटकाभरानं मला वाटलं, आवाज बदलला. त्याला हलवलं. तो उठला, उजवा हात झाकणावर ठेवला, जरा वेळ थांबला. "नाय रे. लाटेचो हा. बरां केलंस," म्हणाला आणि परत झोपला.

बंदरात परत येईपर्यंत मी त्याला चार वेळा उठवलं. चारही वेळा काही नव्हतं. चारही वेळा तो उठला, झाकणावर हात ठेवला आणि "बरां केलंस" म्हणून झोपी गेला.